पाटीवरची हळद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि ह्यांना मी काय सांगत नाही? भाजीवालीशी झालेली हुज्जतसुद्धा संध्याकाळी साग्रसंगीत सांगते. पण हे नाही. अकरा वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसले आहे, आणि बाहेर माझी ख्याती काय, तर सांगलीची बाई, फटकळ, पोटात काही राहत नाही म्हणून! कप्पाळ माझं. राहतं की. चांगलं मुक्काम ठोकून राहतं.

मग आजच का सांगतेय? गेल्या मंगळवारी ऑफिसात एका नव्या मुलीनं मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं, ती गेली, आणि मला जेवण गेलं नाही. तो प्रश्न शेवटी सांगते. आधी सांगितला तर तुम्हाला त्यात काहीच वाईट दिसायचं नाही.

आमचं काम ऐकायला विचित्र वाटेल. शेतावर पडलेला उजेड किती परत येतो, ते आम्ही मोजतो. म्हणजे असं बघा — ऊन भातावर पडतं. पान थोडा उजेड गिळतं, थोडा वर टोलवतं, थोडा खालच्या पानावर जातो, तिथून चिखलातल्या पाण्यावर, तिथून परत वर. अशी सगळी ढकलाढकल होऊन शेवटी जेवढा उजेड आकाशाकडे निघतो तेवढाच उपग्रहाला दिसतो. त्यावरून त्यानं ओळखायचं की पीक हिरवंगार आहे की पिवळं पडायला लागलंय. पण ओळखायचं तर पानांच्या त्या दाटीत उजेडाचं काय काय होतं, ह्याचं गणित हवं. ते गणित राव करत होते. मी उपकरणं सांभाळत होते.

राव म्हणजे शेषगिरी राव. तंजावरकडचे मराठी. कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली माणसं ही, घरात अजून मराठी बोलतात, पण ती मराठी कशी — निम्मी जुन्या बखरीतली, निम्मी तमिळ, आणि हेल तर पूर्ण तमिळ. आमच्या नुंगंबाक्कमच्या ऑफिसात मी रुजू झाले त्या दिवशी दारात उभं राहून मला म्हणाले, "अक्का, जेवण झालें की?" मला हसू फुटलं. पण सांगते, बरं वाटलं. घरी धाकटी भावंडं मला अक्काच म्हणतात. ह्यांची नोकरी आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात, घर अंबत्तूरला, शेजारीपाजारी सगळं तमिळ. अशात कुणी मराठीत जेवलात का विचारलं तर काय वाटतं, ते परमुलखात राहिलेल्यालाच कळेल.

वयानं ते माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, त्रेचाळीसचे असतील. नोकरी सांभाळून डॉक्टरेटचा प्रबंध लिहीत होते, नऊ वर्षं. माणूस इतका सावकाश की मला चीड यायची. भाताच्या पानांचा कल मोजायला शाळेतला कोनमापक घेऊन चिखलात गुडघ्यावर बसायचे. हे पान किती कललंय, ते पान किती. लिहून काढायचे वहीत, पेन्सिलीनं, एकेक. मी म्हणायची, राव, तेवढ्यात भात पिकेल, कापून वरणभात होईल! ते नुसते हसायचे. पानाचा कल बदलला की उजेड बदलतो, म्हणायचे, अंदाजानें घातलें तर गणित खोटें होतें. वह्या किती झाल्या होत्या कोण जाणे. एक लोखंडी कपाट त्यांनीच भरलं होतं.

आता फक्त एकच गोष्ट राहिली होती. त्यांच्या गणितानं सांगितलेला उजेड आणि शेतावर खरोखर मोजलेला उजेड, दोन्ही जुळायला हवे होते. तेही भात लहान असताना — कारण पिवळेपणा तेव्हा ओळखला तर उपयोग. जुळलं की प्रबंध सादर, माणूस मोकळा. सगळं त्या मोजमापावर अडलं होतं. आणि मोजमाप माझ्या हातात होतं.

हे मोजमाप कसं करतात तेवढं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे एक पांढरी पाटी असते. वीतभर, चौकोनी, इतकी पांढरी की तिच्यापुढे दूध मळकट दिसावं. तिच्यावर पडलेला उजेड जवळजवळ सगळाच्या सगळा ती परत देते. शेतात आधी उपकरण ह्या पाटीवर धरायचं: हा झाला पूर्ण उजेड. मग पिकावर धरायचं: ह्यानं त्यातला किती परत दिला? म्हणजे तराजूत जसं वजन, तशी आमची पाटी. वजनच खोटं असेल तर पुढे कितीही नेकीनं तोला, काय उपयोग? म्हणून तिला बोट लावायचं नाही. काळ्या पेटीत ठेवायची. मोहिमेवर जाण्याआधी प्रयोगशाळेतल्या राखीव पाटीशी ताडून बघायची, आणि नोंदवहीत सही करायची. सही माझी. आख्ख्या ऑफिसात माझ्यासारखी टापटीप कुणाची नाही, असं मॅडम सगळ्यांना सांगायच्या. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. आणि मी खरंच तशी होते हो. म्हणून तर —

असो. आयुधपूजेचं सांगते.

आपल्याकडे खंडेनवमी, तीच इथे आयुधपूजा, पण थाट दसपट. दाराला केळीचे खांब, फरशी धुतलेली, चुरमुरे, डाळं, गूळ, ऊस. कॉम्प्युटरपासून ऑफिसच्या जीपपर्यंत सगळ्यांना चंदनाचा टिळा आणि त्यावर कुंकू. त्या वर्षी मांडामांड माझ्याकडे होती. आणि मी काय केलं? आमच्या सांगलीची हळद काढली. माहेराहून आलेली, पिवळीधमक. चंदन काय सगळेच लावतात, म्हटलं, ह्या लोकांना बघू दे जरा हळद म्हणजे काय असते.

टेबलावर सगळी उपकरणं मांडली. पाटीची पेटी जुनाट, कडी मोडलेली, कोपऱ्यावर टेप चिकटवलेली. मला ती बघवेना. देवीपुढे असली पेटी? मग मी पेटी उघडून पाटी बाहेर काढली आणि देवीच्या तसबिरीला टेकवून उभी केली. काय शोभून दिसत होती! तेवढ्यात दृष्ट काढून कोहळा फोडायला सगळे खाली रस्त्यावर गेले. मी एकटीच. पाटीच्या काळ्या कडेला हळदीचं बोट लावलं — कडेलाच लावलं, पांढऱ्याला नाही, तेवढी अक्कल होती — पण हळद पातळ झाली होती. एक थेंब ओघळला आणि सरळ पांढऱ्यावरून खाली आला.

अगं आई गं. आणि मग मी ते केलं जे कुठलीही बाई करेल आणि जे कुणीही करता कामा नये. रुमालानं पुसलं. एक रेघ होती, तिचा तळहाताएवढा डाग झाला. मग बाथरूममध्ये नेऊन साबण लावला. हळदीला साबण लावला की काय होतं, मला माहीत नाही? लालभडक झाली. मी पाणी ओतत राहिले, ओतत राहिले. खालून कोहळा फुटल्याचा आवाज आला. सगळे वर येईपर्यंत पाटी पेटीत बंद होती आणि मी आरतीचं ताट हातात घेऊन उभी होते.

डाग गेला होता. डोळ्याला तरी. पण उपकरणाला डोळ्याच्या पलीकडलं दिसतं, हे मला कुणी शिकवायचं होतं का? हळद पिवळी दिसते, कारण ती निळा उजेड खाते. त्या दिवशी ताडून बघता आलं नाही, कारण पूजेला मांडलेली हत्यारं त्या दिवशी चालवत नाहीत. दुसऱ्या दिवशी विजयादशमी, त्या दिवशी बघता आलं असतं. बघितलं नाही. भीती वाटली. नोंदवहीत 'पाटी ताडून पाहिली, स्वच्छ' असं लिहिलं आणि सही ठोकली.

तुम्ही म्हणाल, एवढंच? हातून डाग पडला, सांगायची हिंमत झाली नाही, होतं माणसाकडून. नाही हो. एवढंच असतं तर मी अकरा वर्षं जळले नसते. हे मी आधी सांगतेय कारण हे सोपं आहे.

ऑक्टोबरात इकडचा पाऊस लागतो. लहान भातावर मोजमाप करायला स्वच्छ ऊन पाहिजे आणि ते आम्हाला मिळालं फक्त तीन दिवस. तिरुवळ्ळूरच्या पुढे आमचे वाफे होते. राव चिखलात उभे राहून उपकरण धरायचे, मी पाटी धरायची. पाटी, पीक, पाटी, पीक. माझ्या हातात पाटी, आणि मी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. पाटी निळा उजेड कमी देत होती, म्हणून उपकरणाला वाटत होतं की भातच जास्त देतोय. म्हणजे भात फिका, रोगट. समोर मात्र हिरवागार डुलत होता.

आढावा बैठकीत दोन्ही आलेख पडद्यावर लागले. रावांचं गणित म्हणतं पीक हिरवं, मोजमाप म्हणतं फिकं. मॅडम म्हणाल्या, मोजलेलं खोटं कसं असेल? खरंय. मोजलेलं खोटं कसं असेल! राव खाली बसून वहीत काहीतरी लिहीत राहिले. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते.

चार दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले. दहा वेळा घसा खाकरून म्हणाले की, राग मानूं नका, पण पाटी एकदा परत ताडून बघायची काय? मी इथे उसळले. हो, उसळले! माझ्यावर संशय? नोंदवहीत सही आहे माझी! ते इतके ओशाळले. तरी हटले नाहीत — तेवढ्या एका बाबतीत माणूस हट्टी होता. मी म्हटलं, ठीक आहे, सोमवारी बघू. तुमच्यासमोरच बघू.

सोमवार का? तो दिवस होता बुधवार.

आता ऐका. पांढऱ्या साडीवर हळद सांडली तर आपण काय करतो? उन्हात टाकतो. उन्हानं हळद उडते, दोन-तीन दिवसांत नावालाही उरत नाही. हे कुठल्या प्रयोगशाळेत शिकवत नाहीत, हे मला आईनं शिकवलं. नेमका त्या आठवड्यात पाऊस थांबला. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत मी गच्चीवर गेले. पेटी पिशवीत घालून. पाण्याच्या टाकीमागे पाटी उन्हात ठेवायची आणि शेजारी बसून डबा खायचा. तीन दुपारी. शनिवारी तर दहीभात होता, लिंबाच्या लोणच्याबरोबर. चव आठवते मला, बघा. म्हणजे मी चवीनं जेवले.

डाग पडला तो हातून. सही केली ती घाबरून. पण हे? हे मी शांत डोक्यानं केलं. रावांचं म्हणणं खरं ठरवणारा एकच पुरावा ह्या जगात होता आणि तो मी माझ्या हातानं उन्हात वाळत घातला.

सोमवारी दोघांसमोर पाटी ताडली, मॅडम आणि राव. राखीव पाटी आणि ही पाटी, आलेखात रेघेवर रेघ. केसाएवढाही फरक नाही. मॅडम म्हणाल्या, बघा, मी सांगत नव्हते? आणि निघून गेल्या. राव तिथेच उभे राहिले. मग त्यांनी हात जोडले. मला. म्हणाले, "अक्का, माफ करा. तुमच्यावर उगाच संशय घेतलों. चूक माझीच की."

आणि मी काय म्हटलं, माहीतेय? मी म्हटलं, जाऊ द्या हो राव, होतं असं.

का गप्प बसले? हसं होईल म्हणून. दुसरं काही नाही. नोकरी जाणार नव्हती, कुणी फाशी देणार नव्हतं. पण इतकी शिकलेली, उपकरणं सांभाळणारी मुख्य बाई, आणि पाटीला हळद लावली — हे चहाच्या टपरीवर कुणीतरी रंगवून सांगेल आणि पोरं हसतील, एवढंच. एका माणसाची नऊ वर्षं एका पारड्यात आणि माझं हसं दुसऱ्यात. माझं हसं जड झालं.

पुढे ऊन पडत गेलं, भात वाढत गेला, मोजमापं होत गेली, आणि पाटी आता स्वच्छ असल्यामुळे सगळी रावांच्या गणिताशी तंतोतंत जुळली. झालं — सगळ्यांनी निष्कर्ष काढला की गणित मोठ्या भाताला बरोबर, लहान भाताला चूक. राव ती चूक शोधायला बसले. खालच्या पाण्यावरून येणाऱ्या उजेडात काही राहिलंय का, म्हणून दोन महिने तेच तेच परत मांडलं. नसलेली चूक शोधायची म्हणजे काय होतं, ते मी समोर बसून बघितलं. वजन उतरलं त्यांचं. जेवलात का विचारणारा माणूस जेवायला उठेना. प्रत्येक दिवस हा सांगायचा दिवस होता. मी डबा उघडायची आणि, राव, दोन घास खाऊन घ्या, म्हणायची.

शेवटी प्रबंध सोडून दिला त्यांनी. पुढचा लहान भात यायच्या आतच कराराची मुदत संपली, तसे कपाटभर वह्या घेऊन तंजावरला परत गेले. आता तिथल्या एका शाळेत गणित शिकवतात. दर आयुधपूजेला फोन करतात, न चुकता. मुलांनी कंपासपेट्यांना टिळे लावलेत म्हणून सांगतात. आणि फोन ठेवता ठेवता दरवर्षी एक वाक्य असायचंच, की ती चूक कुठें झाली, अजून उमगेना. दोन वर्षांपूर्वी मात्र ते वाक्य आलं नाही. त्याऐवजी म्हणाले, वह्यांच्या मागची पानं कोरी होती, मुलांना कच्चं काम करायला वाटून टाकल्या. कपाट रिकामें झालें, अक्का, घरीं जागा झाली.

मी म्हटलं, बरं केलंत.

आणि गणित? ते वापरात आहे की. चांगलं गणित कोण टाकून देतं? फक्त मॅडमनी त्यात एक दुरुस्ती बसवून घेतली: भात लहान असेल तर निळ्या उजेडात इतकं वाढवा. किती, ते त्या तीन दिवसांच्या मोजमापावरून काढलं. म्हणजे माझ्या हळदीवरून. उपग्रहाच्या चित्रात निळ्यात तशीही हवेची धूळ असते, धुकं असतं, त्यामुळे ते कुणाला खटकलं नाही. आजही दर हंगामात प्रत्येक लहान भाताला तो आकडा लागतो. माझा थेंब, सगळ्या शेतांवर. आणि प्रोग्रॅममध्ये त्या ओळीला नाव आहे 'राव करेक्शन'.

मंगळवारी ती नवी मुलगी हीच ओळ दाखवायला आली होती. हुशार आहे, भराभर शिकते. तिनं विचारलं, मॅम, हे राव कोण?

खोलीत आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं होतं. माझ्याजवळ तासभर मोकळा होता.

मी म्हटलं, होते एक आमच्याकडे. भला माणूस. त्यांच्या गणितात एक चूक राहून गेली होती.